डोंगरातल्या गेटेड प्रोजेक्टमध्ये प्लॉट घेताय? आधी पाणी कुठनं येतंय ते बघा

कोल्हापुरातनं पन्हाळ्याकडं निघा, गगनबावडा रोडला लागा नाहीतर आजऱ्यावरनं आंबोलीकडं जावा, दर दोन-चार किलोमीटरला एक बोर्ड दिसतोच. ढगात बुडालेला बंगला, पुढं हिरवळ, आणि खाली गेटेड कम्युनिटी, क्लबहाऊस, २४ तास सिक्युरिटी, क्लिअर टायटल, सुलभ हप्ते. पुण्यामुंबईत नोकरीला असलेली आपली पोरं आणि इथले रिटायर्ड मास्तर दोघंबी चौकशी करतात, आणि करायलाच पाहिजे, कारण स्वप्न काय वाईट नाही. फक्त सपाटीवरचा प्लॉट घ्यायची जी सवय आपल्याला आहे, म्हणजे रस्ता बघितला, सातबारा बघितला, गुंठ्याचा भाव केला आणि ॲडव्हान्स दिला, ती डोंगरात चालत नाही.

का चालत नाही? सपाटीवर तुमचा प्लॉट तुमचा असतो. डोंगरात वरच्याने जेसीबी लावला की त्याची माती तुमच्याकडं येते, त्याच्या छपराचं पाणी तुमच्या पायात येतं, आणि तुम्ही खालची बाजू कापली की वरच्याचा बंगला हलतो. तिथं तुम्ही जमिनीचा तुकडा घेत नाही, एका उताराची भागीदारी घेताय. कागद, बांधकाम, मेंटेनन्स, सगळं ह्या एका गोष्टीपाशी येऊन थांबतंय.

आधी कागदाचं बघू, कारण तिथंच निम्मी माणसं अडकतात.

शेतजमीन असेल तर १९४८ चा कूळकायदा आहे, त्यातलं कलम ६३ सांगतं की शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेता येत नाही. मग तुकडेबंदी, १९४७ चा कायदा. २०२३ मध्ये सरकारनं मर्यादा खाली आणली, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे, म्हणजे त्याच्यापेक्षा लहान तुकड्याचं खरेदीखत शेतजमीन म्हणून होत नाही. २०२५ मध्ये रहिवासी झोनमधल्या जुन्या तुकड्यांना नियमित करायची वाट काढली, पण डोंगरातलं शेत आज फोडून ५-५ गुंठे विकायला ती वाट नाही. मग काही जण काय करतात, एक एकर दहा जणांच्या नावावर सामाईक लावतात. सातबारा एकच, नावं दहा, आणि तुमचे ४ गुंठे नेमके कुठले ते फक्त एका नोटरी कागदावर आणि जागेवर मारलेल्या चुन्याच्या रेघेवर. असल्या प्लॉटवर बँक कर्जाला हात लावत नाही, बांधकाम परवाना निघत नाही, आणि त्या दहातला एक जण जरी वाटपाचा दावा घेऊन कोर्टात गेला तर गेट, क्लबहाऊस सगळं राहिलं बाजूला.

एनएचे, म्हणजे शेतजमीन बिनशेती करायचे, नियम आता बरेच सैल झालेत. जमीन रहिवासी झोनमध्ये असेल किंवा गावठाणापासनं २०० मीटरच्या आत असेल तर पूर्वीसारखी वेगळी परवानगी मागत फिरावं लागत नाही. एजंट हे सांगतो ते खरंच असतं. पण तो पुढचं वाक्य सांगत नाही, की त्यासाठी झोन रहिवासी नाहीतर गावठाण तेवढं जवळ असायला लागतं, आणि डोंगरातली बरीचशी जमीन प्रादेशिक योजनेत शेती नाहीतर वन अशी पडलेली असते. म्हणून पहिला कागद झोन दाखला, नगररचना ऑफिसातनं गट नंबर टाकून आपण स्वतः काढलेला, एजंटनं व्हॉट्सॲपवर पाठवलेला नव्हे.

दुसरं, सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना, जो कोण वाचत नाही. आपल्या जिल्ह्यात तो लई महत्त्वाचा आहे. भोगवटादार वर्ग २ असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्री नाही, धरणग्रस्तांना वाटलेली जमीन असते, वतनाची असते, आणि देवस्थान इनामाची तर आपल्याकडं भरपूरच. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडं अंबाबाई-जोतिबासकट ३००० च्या वर देवळं आहेत आणि त्यांच्या जमिनी गावोगाव पसरलेल्या आहेत. ती जमीन पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्यालाबी विकता येत नाही. तसंच १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याची नोंद जुन्या फेरफारात कुठं आहे का ते बघा, डोंगरउतारावरच्या गटांना ही नोंद असायची शक्यता जास्त, आणि ती सापडली तर तिथंच नमस्कार करून परत फिरायचं.

रेराचं, म्हणजे घरं-प्लॉट विकणाऱ्या डेव्हलपरवरच्या कायद्याचं, सोपं आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायचे असतील तर महारेराची, म्हणजे त्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि ५०० चौरस मीटर म्हणजे किती, तर फक्त ५ गुंठे. म्हणजे बोर्ड लावून विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्ट त्यात येतो. "आमचं रेरात बसत नाही साहेब, हे फार्म प्लॉट आहेत" असं कोण म्हणालं तर समजायचं की तुम्हाला शेत विकतायत, घराची जागा नाही. शेतघराला किमान ०.४ हेक्टर म्हणजे एक एकर धारणा लागते आणि बांधकामाला मर्यादा असते, ५ गुंठ्यांत फार्महाऊस हे कागदावर बसतच नाही. रेरात असेल तर तीन फायदे, ग्राहकांकडनं आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, रजिस्टर करार केल्याशिवाय १० टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासनं ५ वर्षं बांधकामातला किंवा दिलेल्या सोयींमधला दोष डेव्हलपरनं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा. डोंगरात हा तिसरा मुद्दा सोन्यासारखा आहे, कारण रस्ता, गटार आणि संरक्षक भिंत खरी कशी आहे ते पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच कळतं.

आता जागेनुसार वेगळे नियम. पन्हाळा तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे १२ किल्ले घेतले त्यातला एक. पण बांधकामाचं बंधन त्याच्या आधीपासनंच आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासनं १०० मीटर बांधकाम बंद आणि त्याच्यापुढं २०० मीटर परवानगी घेऊन, हा २०१० पासनंचा कायदा. त्यामुळं "तटबंदीला लागून व्ह्यू" असं जाहिरातीत दिसलं की मीटर मोजायला घ्या. राधानगरीकडं अभयारण्य आहे, १९५८ पासनंचं, ३५१ चौरस किलोमीटर, गव्यांचं, त्याच्याभोवती इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपायचा पट्टा, आहे. आणि पश्चिम घाटाचा जो मोठा मसुदा आहे, आधी गाडगीळ मग कस्तुरीरंगन समितीच्या अहवालावरनं आलेला, त्याचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, वायनाडला दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्रातलं १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र आहे आणि आपल्या डोंगरी तालुक्यांतली बरीच गावं आहेत. लोकांना वाटतं त्यात घरच बांधता येणार नाही, तसं नाही. असलेल्या घराची दुरुस्ती, वाढ, ह्याला त्यात आडकाठी नाही. बंदी आहे ती २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकाम प्रकल्पांना, ५० हेक्टरच्या टाऊनशिपला, आणि खाणींना. खाणी बंद म्हणजे डबर, खडी, मुरूम लांबनं आणायचा, आणि डोंगरात लांबनं म्हणजे गाडीभाडंच मालापेक्षा जड.

पण ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा एक आकडा आहे, १:५. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, म्हणजे डिसेंबर २०२० च्या युडीसीपीआरमध्ये, डोंगरउताराबद्दल हीच मर्यादा आहे, ५ फूट आडवं गेलं की १ फूट चढ किंवा त्याहून खडा असेल तर तिथं बांधकाम नाही, कापाकापी भरावबी नाही. हे मोजायला काय इंजिनिअर लागत नाही. गवंडी वापरतो ती पाण्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, एक टोक प्लॉटच्या वरच्या खुंटीला, दुसरं खालच्या, मध्ये अंतर समजा ६० फूट, आणि फरक १२ फुटांवर गेला की तुम्ही मर्यादेच्या बाहेर. १२ फूट म्हणजे आपल्याकडचा एक मजला. डोळ्याला तो प्लॉट "थोडासा स्लोप" वाटतो, खरंच, कारण आजूबाजूचा सगळा डोंगर त्याच्याहून खडा असतो. आणि एक बनवाबनवी बघून ठेवा, जेसीबीनं आधीच टप्पे पाडून प्लॉट टेबलासारखे सपाट करून दाखवतात. सपाट प्लॉट बघून खूश व्हायचं नाही, विचारायचं की ह्यातली कुठली बाजू कापलेली आणि कुठली भरलेली.

ह्याचं कारण समजून घ्यायला आपला डोंगर कसा बनलाय ते बघावं लागतं. खाली काळा पाषाण, बेसाल्टचे थरावर थर, आणि पन्हाळा, आजरा, चंदगड ह्या पट्ट्यात बऱ्याच माथ्यांवर जांभ्याची टोपी. जांभा जाळीदार, त्यातनं पाणी सरळ खाली झिरपतं. पण जांभा आणि पाषाणाच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी मऊ चिकणमातीचा थर असतो, तो पाणी पुढं सोडत नाही. पाणी तिथं तुंबतं, थर बुळबुळीत होतो आणि वरचं सगळं साबण लावलेल्या फरशीवरच्या चटईसारखं सरकायला तयार. इतकी वर्षं ते का सरकलं नाही, तर खालच्या पायथ्यानं त्याला टेकू दिलेला असतो आणि झाडांच्या मुळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. आपण रस्त्यासाठी नेमका तो पायथा कापतो आणि व्ह्यूसाठी नेमकी ती झाडं तोडतो.

जुलै २०२१ मध्ये पन्हाळ्यावर जायचा मुख्य रस्ताच खचला होता, वाहतूक बंद पडली, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते डोळ्यानं बघितलंय. लवासा तर ह्या गेटेड डोंगरी शहरांचा मोठा भाऊ, २०१० मध्ये पर्यावरण खात्यानं काम थांबवलं म्हणून गाजलेला, तिथं जुलै २०२४ च्या पावसात दरड बंगल्यांवर आली. दरडीखाली गेलेली गावं बघा, माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी असतील पण महिना बघा, सगळीकडं जुलैच.

पाण्याचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. १५०० चौरस फुटाचं छप्पर, एका दिवसात १०० मिलीमीटर पाऊस, म्हणजे जवळपास १४ हजार लिटर पाणी, एका घराच्या छपरावरनं, एका दिवसात. गगनबावड्याला वर्षाला ५ हजार मिलीमीटरच्या पुढं पडतो, तिथं १०० मिलीमीटर हे काय नवल नाही. आता २० एकरांचा प्रोजेक्ट धरा, तेवढ्याच पावसात ८० लाख लिटर. पूर्वी तिथं गवत होतं, पालापाचोळा होता, पाणी थांबत थांबत ओढ्याला जात होतं. आता काँक्रीटचे रस्ते, पेव्हिंग ब्लॉक, छपरं. पाणी तेवढंच आहे पण ते एकदम येतं आणि एकाच जागेनं येतं. म्हणून लेआउटच्या नकाशात मी आधी प्लॉट नंबर बघत नाही, ओढे बघतो. गावच्या जुन्या नकाशात, भूमी अभिलेखच्या, जिथं नाला दाखवलाय तिथं डेव्हलपरच्या ब्रोशरमध्ये गार्डन किंवा स्विमिंग पूल दाखवलाय का? असेल तर त्याच्या खालच्या दोन्ही ओळींतले प्लॉट फुकट दिले तरी घेऊ नका.

रिटेनिंग वॉलचं तर लोकांना वाटतं जेवढी जाड तेवढी चांगली. भिंत माती अडवायला असते, पाणी अडवायला नव्हे, पाणी अडवलं की तीच भिंत पडते. म्हणून तिच्यात ठराविक अंतरावर पाईपची भोकं ठेवतात, वीप होल म्हणतात त्याला, आणि भिंतीच्या मागं दगडगोट्यांचा भराव घालतात म्हणजे पाणी तिथपर्यंत पोचावं. जुलैत जाऊन ह्या भोकांसमोर नुसतं १० मिनिटं उभं रहा. स्वच्छ पाणी बारीक धारेनं येत असेल तर भिंत काम करतीय. गढूळ, लाल पाणी येत असेल तर मागची माती धुपून चाललीय, पोकळी तयार होतीय. आणि इतका पाऊस असूनबी भोकं कोरडी असतील तर ती बुजलेली आहेत नाहीतर नुसती दिखाव्याला पाईपचे तुकडे खोचलेत, हा प्रकार सगळ्यात वाईट. साध्या ठिकाणी दगडांच्या जाळीची गॅबियन भिंत जास्त बरी, ती पाणी सोडते, थोडी वाकली तरी एकदम कोसळत नाही, पण ब्रोशरमध्ये ती छान दिसत नाही म्हणून डेव्हलपर नको म्हणतो.

सांडपाण्याकडं तर कोणाचं लक्षच नसतं. प्रत्येक बंगल्याला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, असं प्लॅनमध्ये सरळ लिहिलेलं असतं. सपाटीवर ठीक आहे. उतारावर ४० घरांचे शोषखड्डे म्हणजे आपणच वर्षभर त्या चिकणमातीच्या थराला पाणी पाजतोय. शिवाय खालच्या वाडीची विहीर त्याच झिरपणाऱ्या पाण्यावर असते. सगळ्यांचं मिळून एक शुद्धीकरण केंद्र आणि तिथपर्यंत बंद पाईप, खर्चिक आहे पण हेच बरोबर. पिण्याच्या पाण्याचं उलटं, एवढा पाऊस पडून एप्रिल-मेमध्ये बोअर कोरडी, कारण माथ्यावरचं पाणी खाली निघून जातं. "बोअरला ३ इंच पाणी" हे डिसेंबरात दाखवलेलं असलं तर मेमध्ये परत बघायला जावा. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला रेन वॉटर हार्वेस्टिंग तसंबी बंधनकारक आहे, इथं ते जमिनीत मुरवण्यापेक्षा टाकीत साठवायचं धरून डिझाईन करा.

घर बांधायचंच ठरलं तर जागा सपाट करण्याच्या नादाला लागू नका. घर उताराप्रमाणं पायऱ्या-पायऱ्यांनी बसवता येतं, नाहीतर वरच्या बाजूला जमिनीवर आणि खालच्या बाजूला कॉलमवर उचलता येतं. कॉलम भरावात नव्हे, मूळ जमिनीत, आणि किती खोल ते सॉईल टेस्टिंग करून, शेजारच्यानं ५ फूट घेतले म्हणून आपण ५ फूट असं नाही. सपाट स्लॅब टाकून वर टाईल्स हा शहरातला हिशोब, इथं उतरतं छप्पर आणि भिंतीबाहेर ३-४ फूट वळचण पाहिजे, कारण पाऊस वरनं कमी आणि नैऋत्येकडनं आडवा जास्त येतो. गगनबावड्याकडची जुनी माणसं पावसाळ्यापूर्वी त्या बाजूच्या भिंतीला झड, म्हणजे पावसाला आडोसा, बांधायची ती उगीच नव्हे. आता मोठ्या काचा त्याच बाजूला लावतात कारण सूर्यास्त तिकडं दिसतो. चार महिने धुकं, कपडे वाळत नाहीत, लाकडी कपाटात बुरशी, भिंतीवर शेवाळ, आणि घर वर्षातनं ४० दिवस उघडणार असेल तर आत वारा खेळता राहील अशी सोय आधीच करायला लागते. बांधकामाला मिळतो दसऱ्यापासनं मेपर्यंतचा काळ, त्यातबी चढावर मिक्सर गाडी येईल का, महावितरणचा ट्रान्सफॉर्मर किती लोडचा आहे, हे डेव्हलपरला नाही तर वर आधी बांधकाम केलेल्या ठेकेदाराला विचारा, तो खरं सांगतो.

गेटचंबी एक आहे. गेट लावलं म्हणून गावची वहिवाट बंद होत नाही. खालच्या वाडीतली माणसं गुरं घेऊन ज्या पांदीनं वर जातात ती अडवली तर तहसीलदारांकडं १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यानं अर्ज होतो आणि अडथळा काढायला लावतात. तार कुंपण घालून गव्यांची वाट अडवली तर ते अर्ज करत बसत नाहीत, कुंपण घेऊनच जातात. आजरा-चंदगड बाजूला हत्तीबी आहेत. गावाशी भांडून डोंगरात राहता येत नाही, रात्री दरड पडली तर आधी धावून येणारा वाडीतलाच माणूस असतो.

शेवटी मेंटेनन्स, आणि मला विचाराल तर प्रोजेक्ट टिकणार की नाही ते इथंच ठरतं. निम्म्याहून जास्त प्लॉट बुक झाले की ३ महिन्यांत प्लॉटधारकांची संस्था व्हायला पाहिजे असं रेरा सांगतो. ती झाली नाही तर रस्ते, गटारं, भिंती, पंप सगळं डेव्हलपरच्या मर्जीवर, आणि त्याचं शेवटचे ४ प्लॉट विकेपर्यंतच लक्ष असतं. अशा प्रोजेक्टात निम्मे प्लॉट गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात, मालक दुबईत नाहीतर ठाण्यात, तो म्हणणार मी राहतच नाही तर मेंटेनन्स कशाला देऊ. पण त्याच्या रिकाम्या प्लॉटवरचं गटार मेमध्ये कोणी उपसलं नाही की जूनमध्ये ते पाणी तुमच्या भिंतीमागं येणार. म्हणून करारात तीन ओळी आहेत का बघा, रिकाम्या प्लॉटलाबी तेवढाच मेंटेनन्स, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गटारं आणि वीप होलची सफाई, आणि भिंतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा फंड जो संस्थेच्या खात्यात जाणार. नसतील तर साठेखतातच लिहून घ्या, रजिस्टर ऑफिसला जायच्या आधी, कारण नंतर फोन उचलायला कोण नसतं.